एकमताच्या पोटातील मतभेद

महाराष्ट्रातील शिक्षक, कारकून आणि बँक-कर्मचारी यांच्या वेतनपत्रकात दरमहा एक लहानशी वजावट दाखविलेली असते. तिचे नाव व्यवसाय कर. बहुतेकांच्या बाबतीत ती महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये इतकी असते. प्राप्तिकराविषयी कचेऱ्याकचेऱ्यांतून तावातावाने बोलले जाते. या कराविषयी कोणी फारसे बोलत नाही. १९७५ साली राज्याने हा कर बसविला तो एका विशिष्ट हेतूने. त्याचे उत्पन्न रोजगार हमी निधीत जमा व्हावे, जमा रकमेइतकीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी आणि त्यातून खेड्यातील ज्याला ज्याला अंगमेहनतीचे काम हवे असेल त्याला ते मिळावे, अशी ती व्यवस्था होती. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा खर्च उचलावा, ही गोष्ट एखाद्या पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात ठळक अक्षरांत छापली असती तर तिच्यावरून रण माजले असते. प्रत्यक्षात ती विधिमंडळात सर्व पक्षांच्या संमतीने झाली.

राजकीय विचारसरणींमधील भेद समजून घेऊ इच्छिणाऱ्याला या एकमताइतका चांगला अभ्यासविषय सापडणे कठीण आहे. असे म्हणणे विचित्र वाटेल, कारण भेद शोधायचे ते भांडणात, एकमतात नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पाठ्यपुस्तके उदारमतवाद, समाजवाद, साम्यवाद, गांधीवाद, राष्ट्रवाद यांच्या व्याख्या ओळीने देतात आणि विद्यार्थी त्या परीक्षेपुरत्या पाठ करतात. पुढे तोच विद्यार्थी नोकरीला लागतो, निवडणुकीच्या सभा ऐकतो आणि गरिबांचे कल्याण तर प्रत्येक वक्ता सांगतो आहे हे पाहून सगळे एकाच माळेचे मणी असल्याचा निष्कर्ष काढतो. व्याख्या त्याच्या उपयोगी पडत नाहीत, कारण व्याख्येत विचारसरणीचे ध्येय सांगितलेले असते आणि ध्येये बहुधा सारखीच असतात. भेद असतो तो अन्यत्र. दारिद्र्य कोणाच्या दोषामुळे येते, ते हटविण्याचे काम कोणाच्या हाती विश्वासाने सोपवावे आणि त्याचे पैसे कोणी मोजावेत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो लपलेला असतो. ही उत्तरे घोषणांत सापडत नाहीत. ती कायद्यांच्या कलमांत, मजुरीच्या दरपत्रकांत आणि निधीच्या हिशेबांत सापडतात.

रोजगार हमीची कल्पना मांडली ती वि. स. पागे यांनी. गांधी-विनोबांच्या विचारात वाढलेले पागे दीर्घकाळ महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, १९६५ च्या सुमारास त्यांनी या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला. १९७२ साली राज्य सरकारने योजना म्हणून ती स्वीकारली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ज्यांनी पाहिली, त्यांना त्या दोन वर्षांचे वर्णन करून सांगावे लागत नाही. वसंतराव नाईक यांच्या सरकारने तो दुष्काळ निभावून नेला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दुष्काळ सरल्यावरही कामाची गरज सरत नाही, कोरडवाहू प्रदेशातील मजुराला प्रत्येक उन्हाळा हा लहानसा दुष्काळच असतो, ही जाणीव त्या अनुभवाने राज्यकर्त्यांना करून दिली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, तेव्हा राज्यावर पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते. म्हणजे योजना आणली एका सरकारने, कायदा केला दुसऱ्याने आणि तो अमलात आला तिसऱ्याच्या काळात. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारभत्ता, हे त्या कायद्याचे सार. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क हे केवळ मार्गदर्शक तत्त्व होते. महाराष्ट्राने त्याला आपल्या ग्रामीण भागापुरते कायद्याचे रूप दिले.

आता या ‘होय’मागे किती निरनिराळे ‘होय’ होते ते पाहावे.

पाग्यांचे ‘होय’ शरीरश्रमाच्या प्रतिष्ठेतून आलेले होते. ज्याला काम हवे त्याला भीक घालणे हा त्याचा अपमान आहे, आणि गावातील माती व पाणी अडविण्याचे काम गावातील हातांनी व्हावे, ही त्यामागची भूमिका. गांधीविचारात दारिद्र्य म्हणजे केवळ पैशाचा अभाव नव्हे. रिकामे हात हेच दारिद्र्य. समाजवाद्यांनी या कायद्यात हक्क पाहिला. सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली दुष्काळी मदत आता मागता येण्याजोगी, न दिल्यास न्यायालयात जाब विचारता येण्याजोगी गोष्ट झाली, हे त्यांना मोलाचे वाटले. साम्यवादी, लाल निशाण आणि शेतकरी कामगार पक्ष यांची मांडणी आणखी वेगळी होती. बेकारांची राखीव फौज जोवर गावात उभी आहे तोवर जमीनमालक मजुरीचा दर पाडू शकतो; सरकारी कामाचा पर्याय उभा राहिला की ती फौज आटते आणि मजुराच्या अंगी वाटाघाटीचे बळ येते. शिवाय शेतावर एकेकटा राबणारा मजूर संघटित करणे दुष्कर, तर एका पाझर तलावावर पाचशे माणसे एकत्र आली की मोर्चा तयार होतो. या पक्षांनी तहसील कचेऱ्यांवर नेलेल्या मोर्च्यांवाचून कायदा कागदावरच राहिला असता, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

जनसंघाच्या परंपरेतील मंडळींना या कायद्याला पाठिंबा देण्यात विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर जी व्याख्याने दिली, त्यांत प्रत्येक सक्षम हाताला काम हे अर्थव्यवस्थेचे उद्दिष्टच मानले होते. मात्र तेथे कामाकडे पाहण्याची दृष्टी वर्गसंघर्षाची नव्हती. समाज हा एक देह आहे आणि त्याच्या कोणत्याही अवयवाने निकामी राहू नये, ही ती दृष्टी. आंबेडकरी विचाराच्या कार्यकर्त्याला याच कायद्यात तिसरेच काही दिसले. बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतीचे राष्ट्रीयीकरण सुचविले होते, आणि त्यामागे केवळ उत्पादनवाढीचा विचार नव्हता. ज्याच्या शेतावर पोट अवलंबून त्याच्यापुढे मान तुकवावी लागते, हे अस्पृश्य मजुराचे वास्तव होते. गावच्या पाटलाकडे न जाता सरकारी हजेरीपटावर नाव लागणे आणि रोख मजुरी हातात पडणे, याचा अर्थ त्याच्या दृष्टीने दोन वेळच्या भाकरीहून मोठा होता.

आणि सत्ताधारी काँग्रेस? तिच्यात एक विचारसरणी कधीच नांदली नाही. ती एक प्रकारची धर्मशाळाच होती. नियोजनावर विश्वास असणाऱ्यांना ही योजना म्हणजे रिकाम्या श्रमाचे भांडवलात रूपांतर वाटली. बागायती पट्ट्यातील नेतृत्वाला तलाव, बंधारे आणि रस्ते हवेच होते. मुंबईवर येऊन आदळणारे लोंढे थोपतील, हा विचारही शहरी मंडळींच्या मनात नसेल असे नाही. हेतूंची ही भेसळ पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. लोकशाहीत टिकाऊ कायदे बहुधा अशाच भेसळीतून जन्मतात. पण भेसळीचा एक परिणाम अटळ असतो. तत्त्वावर झालेले एकमत तपशिलाशी गाठ पडताच फुटू लागते.

पहिला तपशील : हा हक्क आहे की उपकार? हा वाद महाराष्ट्राहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे सर्वांत रक्तरंजित प्रकरण फ्रान्समध्ये घडले. डावे आणि उजवे हे शब्दही त्याच देशाने जगाला दिले. १७८९ च्या राष्ट्रीय सभेत राजाच्या अधिकारांचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसू लागले, एवढाच त्या शब्दांचा उगम. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि हंगामी सरकारने प्रत्येक नागरिकाला कामाची हमी देण्याची घोषणा केली. लुई ब्लांसारख्या समाजवाद्याच्या मनात कामगारांनी स्वतः चालवायच्या उत्पादक संस्था होत्या. सरकारने प्रत्यक्षात उघडल्या त्या ‘राष्ट्रीय कार्यशाळा’, ज्यांत बहुतांशी मातीकाम होते आणि तेही सर्वांना पुरेसे नव्हते. पाहता पाहता नावनोंदणी एक लाखाच्या पुढे गेली. खर्च भागविण्यासाठी प्रत्यक्ष करांवर ४५ टक्के अधिभार बसविला गेला आणि त्याचा मुख्य भार जमिनीवर, म्हणजे शेतकऱ्यांवर पडला. पॅरिसच्या बेकारांसाठी खेड्याने पैसे मोजावेत, हे खेड्याला रुचले नाही. नव्या सभेत खेड्यांतून पुराणमतवादी निवडून आले, जूनमध्ये कार्यशाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि पॅरिसचे कामगार रस्त्यावर उतरले. २३ ते २६ जून या चार दिवसांत हजारो माणसे मारली गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात, नव्या राज्यघटनेत कामाचा हक्क घालावा की नाही यावर सभेत चर्चा झाली, तेव्हा अलेक्सी द तोकव्हिल याने त्याला विरोध केला. तोकव्हिल गरिबांचा शत्रू नव्हता; दुबळ्यांना सार्वजनिक मदत देण्यास तो अनुकूल होता. त्याचा आक्षेप ‘हक्क’ या शब्दाला होता. राज्यसंस्थेने प्रत्येकाला काम देण्याचे बंधन पत्करले की एक तर तिला सर्वात मोठी मालक व्हावे लागेल, किंवा कोठे काम निघावे आणि कोणी ते करावे हे ठरविणारी सर्वाधिकारी तरी व्हावे लागेल, आणि दोन्ही वाटा स्वातंत्र्याचा घास घेतील, असा त्याचा युक्तिवाद. उदारमतवादाचा गाभा येथे स्वच्छ दिसतो. त्याला भय वाटते ते सत्ता एकवटण्याचे; तिचा हेतू चांगला असल्याने ते भय कमी होत नाही. उलट बाजूला समाजवादी विचारतो की, ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटत नाही त्याचे स्वातंत्र्य तुम्ही कशात मोजता? हे दोघे एकमेकांना उत्तर देत नाहीत. दोघे निरनिराळ्या भयांविषयी बोलत असतात. महाराष्ट्रातील पगारदाराने ज्या कराविषयी ब्र काढला नाही, तसाच कर फ्रान्सच्या शेतकऱ्याला असह्य का झाला, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर साधे आहे : महाराष्ट्रातील पगारदारांपैकी कितीतरी जणांचा भाऊ किंवा चुलता त्या वेळी गावीच होता.

दुसरा तपशील मजुरीचा. विचारसरणींतील खरा दुभंग पाहायचा असेल तर तो येथे पाहावा.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारी कामे निघाली होती. व्हाइसरॉय लिटन यांचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल पाहणीस आले. यापूर्वी १८७४ साली बंगाल-बिहारच्या दुष्काळात याच टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने मदत केली होती. मृत्यू फार थोडे झाले. पण उधळपट्टीचा ठपका मात्र त्यांच्यावर आला. तो त्यांनी चांगलाच लक्षात ठेवला असावा. दख्खन व मद्रासमध्ये त्यांनी मजुराला दिवसाकाठी १ पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्या मजुरीची शिफारस केली. तर्क असा की, मजुरी इतकी कमी असावी की खरोखर उपाशी असलेलाच कामावर येईल. इंग्लंडच्या १८३४ च्या दारिद्र्यनिवारण कायद्यातील तत्त्व हेच होते : मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत गरीब स्वतंत्र मजुराहूनही कमी सुखाची असली पाहिजे. मुंबई इलाख्यात मजुरी घटविताच हजारो मजूर काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली आणि गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले.

सार्वजनिक सभेतील मंडळींना आजच्या भाषेत काय म्हणावे? न्यायमूर्ती रानडे उदारमतवादी होते, याविषयी वाद नाही. सनदशीर मार्ग आणि व्यक्तीची उन्नती यांवर त्यांचा विश्वास होता. पण त्याच रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना, इंग्लंडमधील निर्हस्तक्षेपाचा सिद्धान्त सर्व देशकालांना लागू पडतो हे म्हणणे नाकारले आणि उद्योग उभारण्यात राज्यसंस्थेचा हातभार मागितला. त्यांना डावे म्हणावे की उजवे? फ्रान्सच्या सभागृहातील बाके पुण्यात आणून मांडली की अशी अडचण होणारच. डावे-उजवे ही एकच रेघ माणसे मोजायला पुरत नाही. बाजाराविषयी एक मत, जातीविषयी दुसरे, राष्ट्राविषयी तिसरे आणि राज्यसंस्थेविषयी चौथे, अशा निदान चार रेघा तरी आखाव्या लागतात, आणि पुष्कळदा एकच माणूस एका रेघेवर या टोकाला तर दुसरीवर त्या टोकाला सापडतो.

टेंपल यांचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा उभा राहिला. राजस्थानात दुष्काळी कामांवर किमान वेतनाहून कमी मजुरी दिली जात होती. संजित रॉय विरुद्ध राजस्थान या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. सरकार मजुराच्या गरजेचा फायदा घेऊन किमान वेतनाहून कमी पैशात काम करवून घेत असेल, तर ती घटनेने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय, असे न्यायमूर्ती भगवतींनी म्हटले. आम्ही उपकार करतो आहोत, म्हणून कमी देऊ, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने ऐकला नाही. हक्काची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाला हा निर्णय स्वागतार्ह वाटावा, यात नवल नाही.

पण अर्थशास्त्राला निर्णयानंतरही प्रश्न विचारण्याची खोड असते. १९८८ साली महाराष्ट्रात शेतमजुरांचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोजगार हमीचे दरही तसेच वाढले. मजुरी दुप्पट झाली म्हणजे कामावर येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात कामावरील मजुरांचा आकडा झपाट्याने घसरला. काहींनी चांगल्या पावसाकडे बोट दाखविले. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र निष्कर्ष काढला तो असा की, निधी मर्यादित राहिला आणि दर वाढला, तेव्हा यंत्रणेने नवी कामे काढण्यात हात आखडता घेतला. मागेल त्याला काम ही हमी त्या काळात प्रत्यक्षात हमी उरली नाही. म्हणजे कागदावर मजुराचा दर वाढला आणि काही मजुरांच्या पदरचे कामच गेले.

या एकाच घटनेचे वाचन कोण कसे करतो ते पाहिले की विचारसरणी म्हणजे काय ते व्याख्येविना कळते. बाजारवादी म्हणेल, कमी दर हीच खरी चाळणी होती. कमी दराला खरा गरजूच येतो, दर वाढविलात आणि चाळणी फाटली. समाजवादी म्हणेल, दोष दराचा नाही, निधीचा आहे. हमी दिली होती तर पैसा वाढविणे हे सरकारचे कर्तव्य होते. विधिमंडळात निधी पूर्ण खर्च होत नसल्याच्या तक्रारी होत होत्या, तेव्हा या म्हणण्यात जोर आहे. मार्क्सवादी सांगेल की दर वाढताच मजूर कामावर ओढले जातील आणि शेतावरील मजुरी वाढेल, या भयाने गावच्या सत्ताधाऱ्यांनीच कामे उघडू दिली नाहीत. गांधीवादी खिन्नपणे म्हणेल की कलेक्टरच्या कचेरीतून चालविलेले काम गावाचे कधी नव्हतेच. यांतील प्रत्येकाच्या हाती तथ्याचा एकेक तुकडा आहे. मात्र सगळे सारखेच बरोबर आहेत असे म्हणून हात झटकणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. ‘हमी’ हा शब्द कायद्यात लिहिल्यानंतर अपुऱ्या निधीची सबब पुढे करणे हा शब्दाशी द्रोह आहे. आणि निधीचा विचार न करता दर ठरविणे हा ज्याला कामच मिळाले नाही अशा मजुराशी द्रोह आहे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या प्रबंधात एक परखड गोष्ट सांगितली होती. सर्वांना पुरेल इतकी जमीन वाटपासाठी नाहीच, तेव्हा भूमिहीनाला मजुरीच्या कामाची हमी देणे हाच मार्ग आहे. डाव्या अभ्यासकांना हे रुचले नाही. मालकीचा प्रश्न बाजूला सारून मजुरीवर समाधान मानणे त्यांना शरणागतीसारखे वाटले. तथापि पुढे तोच प्रश्न वेगळ्या वाटेने परत आला. हमीच्या पैशातून पाझर तलाव बांधला, विहिरींना पाणी वाढले. पण विहीर कोणाची? ज्याची जमीन त्याची. भूमिहीनाने डोक्यावर माती वाहून दुसऱ्याच्या शेताचे मोल वाढविले आणि स्वतः मजुरीपुरता राहिला. १९९० पासून हमीतून लहान शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवर फळबागा लावण्याचा कार्यक्रम निघाला. आंबा, काजू, डाळिंब, बोर यांच्या लागवडीने कोरडवाहू भागाचे रूप काही ठिकाणी खरोखर पालटले. ज्याला अर्धा-एक हेक्टर आहे तो मजुराचा बागवान झाला. ज्याला काहीच नाही त्याच्यासाठी मात्र हमी पूर्वीसारखीच खड्डे खणण्याची राहिली. याच सुमारास शरद जोशी यांची शेतकरी संघटना सांगत होती की दारिद्र्याचे मूळ शेतमाल स्वस्तात लुटण्यात आहे. रास्त भाव मिळाला तर शेतकरीच मजुराला रास्त मजुरी देईल आणि सरकारी कुबड्यांची गरज उरणार नाही. ही उदारमतवादाची ग्रामीण आवृत्ती होती आणि तिने लाखो शेतकऱ्यांना रस्त्यावर आणले. भूमिहीन मजुराने तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न तिच्या सभांमध्येही विचारला जात असे.

महाराष्ट्राचे हे लेकरू २००५ साली दिल्लीला गेले. संसदेने सर्व पक्षांच्या पाठिंब्याने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. प्रवासात त्याचे रूप बदलले. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राने ती प्रत्येक कुटुंबामागे १०० दिवस अशी घातली. महाराष्ट्रात सूत्रे जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांच्या हाती होती. केंद्राने निम्मी तरी कामे ग्रामपंचायतीकडे सोपविली आणि खर्चाची तपासणी ग्रामसभेकडे दिली. विश्वास कोणावर टाकावा या प्रश्नाचे उत्तर बदलले होते : १९७७ मध्ये तो अधिकाऱ्यावर होता, २००५ मध्ये गावावर. दोन्ही विश्वास पुरते सार्थ ठरले नाहीत. खोटे हजेरीपट तहसीलदारांच्या काळातही निघाले आणि सरपंचांच्या काळातही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेत या योजनेला काँग्रेसच्या अपयशाचे जिवंत स्मारक म्हटले आणि त्याच भाषणात ती चालू ठेवणार असल्याचेही सांगितले. ती पुढे दहा वर्षे चालली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस १०० वरून १२५ झाले. मजुरीच्या खर्चातील केंद्राचा जवळजवळ संपूर्ण वाटा जाऊन बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी वाटणी आली. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद झाली. या वेळी एकमत झाले नाही. एका बाजूने दिवस वाढल्याचे सांगितले, दुसरीने पैशाचा भार राज्यांवर ढकलल्याचे. सर्वाधिक बोलके कलम मात्र हंगामाचे आहे. हंगामात मजूर शेतीला उपलब्ध असावा, हे शेतकऱ्याच्या बाजूने अगदी रास्त वाटते. कापूस वेचायला माणूस मिळत नाही ही विदर्भ-मराठवाड्यातील तक्रार खोटी नाही. मजुराच्या बाजूने पाहिले तर ज्या दिवसांत त्याच्या श्रमाला सर्वाधिक मागणी असते आणि भाव वाढवून मागण्याची संधी असते, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा पर्याय मिटविला जातो. पूर्वी पाझर तलावावर मोर्चा बांधणाऱ्या कार्यकर्त्याला आणि बागायतदाराच्या प्रतिनिधीला या एका कलमाविषयी विचारले, तर दोघांची उत्तरे ऐकताना त्यांच्या पक्षाचे नाव विचारण्याची गरज पडणार नाही.